घास दुखतो, त्याला पित्त म्हणू नका

येळवसेला आमच्या लातूर जिल्ह्यात घरी कुणी जेवत नाही. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला स्थानिक सुट्टी असते, गावं ओस पडतात आणि माणसं बिऱ्हाड उचलल्यासारखी शिवारात जातात. आमचं तीन एकर रान देवणीच्या शिवारात आहे. कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढं भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबिल. दोन वर्षांपूर्वीच्या येळवसेला त्या कोपीपुढं बसून मी उंड्याचा घास भज्जीत बुडवून खाल्ला. घास घशाखाली गेला आणि छातीच्या मधल्या हाडामागून बाभळीचा काटा आडवा सरकत जावा तशी कळ उतरली. ती शमावी म्हणून आंबिलचा घोट घेतला, तर सगळी छाती पेटली.

मायनं ताटाकडं बघितलं. "कामून रं, खाइना गेलास?" मी म्हणालो, पित्त झालंय. बांधावरच्या शेजाऱ्यानं लगेच दुजोरा दिला, थंड दूध पी म्हणाला. पित्त या एका शब्दावर सगळ्यांचं समाधान झालं, माझंही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, मुलांना पचनसंस्थेचा धडा शिकवतो. फळ्यावर अन्ननलिका काढतो, तिची लांबी साधारण २५ सेंटिमीटर असं लिहितो. तरीही त्या नळीत काही बिघडू शकतं हे मला सुचलं नाही. पुढचे अठरा दिवस मी गॅसची गोळी खात, दुधात भाकरी भिजवून, मान वाकडी करून गिळत काढले. वजन पाच किलोनं उतरलं.

या सगळ्याची सुरुवात दिवाळीच्या आधी झाली होती. सोयाबीनची रास करायची होती. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभं राहिलं की भुसा आणि धूळ नाकातोंडात जाते, आणि मला लहानपणापासून दमा आहे. त्या आठवड्यात दम लागला तो बसेना. एका डॉक्टरांनी पंप दिला, भुकटीची कॅप्सूल घालून ओढायचा, दिवसातून दोनदा. औषध बरोबर होतं, दम बसला. पण मागोमाग खोकला आणि घसा धरला, म्हणून औषधाच्या दुकानातून मी स्वतःच अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. पाच दिवस खाल्ल्या, पुन्हा पाच दिवस खाल्ल्या. त्यानं पोटात आग पडायला लागली, म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल सुरू केली. ती कुणी थांबवायला सांगितली नाही आणि मीही थांबवली नाही. दिवाळी ते येळवस, दीड-दोन महिने हे असं चाललं. या तीन औषधांनी मिळून माझ्या अन्ननलिकेत काय घडवलं ते मला नंतर लातूरला कळलं.

आधी पित्ताबद्दल बोलतो, कारण माझे अठरा दिवस त्या शब्दानं खाल्ले. आपल्याकडं डोकं दुखलं की पित्त, उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. छातीत जळजळतं तेही पित्त. पण गळ्यापासून पोटापर्यंतच्या त्या वीतभर नळीच्या तक्रारी एकसारख्या नसतात. जेवून आडवं झालं की आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळतं, ही एक तक्रार. ती फार जणांना असते आणि बहुतेकदा साध्या औषधानं, रात्रीचं जेवण लवकर केल्यानं आटोक्यात येते. घास अडकतो, आधी भाकरी अडकते, मग भात, पुढं पातळ वरणही अडकायला लागतं, ही दुसरी. तंबाखू खाणाऱ्या, बिडी ओढणाऱ्या, दारू पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिला फार घाबरून असावं, कारण अन्ननलिकेचा कर्करोग असाच चोरपावलांनी येतो. आणि गिळताना दुखतं, प्रत्येक घासाला, पाण्याच्या घोटाला, कधी नुसत्या आवंढ्यालाही दुखतं, ही तिसरी. तिचा अर्थ बहुतेकदा असा असतो की आतल्या नाजूक अस्तराला जखम झाली आहे. ती जखम संसर्गाची असू शकते, किंवा नळीतच चिकटून राहिलेल्या गोळीनंही झालेली असू शकते. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल पाण्याच्या एका घोटावर गिळून लगेच आडवं झालं, तर ती वाटेतच विरघळते आणि अस्तर भाजून काढते.

ही तिसरी तक्रार घेऊन मी दोन ठिकाणी गेलो आणि दोन्ही ठिकाणी "ॲसिडिटी होतेय" एवढंच सांगितलं. गिळताना दुखतं, असं मी नीट म्हणालोच नाही. आणि गिळताना नेमकं काय होतं, असं मलाही कुणी विचारलं नाही.

देवणी हे नाव देशात ज्या गोवंशामुळं माहीत आहे त्यातली एक गाय आमच्याही गोठ्यात आहे, अंगावर एकही काळा ठिपका नसलेली, आम्ही तिला बालंक्या म्हणतो. तिनं एका सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही की माय शेण बघते, नाकपुडी ओली आहे का बघते, दुपारी रवंथ करते का याकडं लक्ष ठेवते, आणि रवंथ बंद दिसली तर संध्याकाळच्या आत जनावरांचे डॉक्टर गोठ्यात हजर असतात. त्यांना ती "खाइना" एवढंच सांगत नाही. कधीपासून, काय खाते, काय सोडते, गिळताना मान ताणते का, लाळ गळते का, सगळं सांगते. आमच्या भागातला कुठलाही जनावरं सांभाळणारा माणूस असंच सांगेल. ही नजर आपल्याकडं पिढ्यांची आहे. घरातल्या माणसाचा घास अडला की मात्र आपण ती नजर वापरत नाही, आणि याचा मला आजही त्रास होतो, कारण माझ्या ताटातली अर्धी भाकरी रोज परत जात होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

एकोणिसाव्या दिवशी आवंढाही गिळवेना तेव्हा धाकट्या भावानं गाडीत घातलं आणि लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अडकतं की दुखतं?" मी म्हणालो, दुखतं. दुसरा प्रश्न, "दम्याचा पंप घेता का?" मी हो म्हणालो. "घेतल्यावर चूळ भरता?" मला प्रश्नच कळला नाही.

दुर्बिणीच्या तपासणीची लोकांना भीती वाटते म्हणून सांगतो. रात्रीपासून उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि करंगळीएवढी नळी तोंडातून आत जाते. पाच-दहा मिनिटं मळमळतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण दुखत नाही. पडद्यावर माझी अन्ननलिका मीच नंतर पाहिली. गुलाबी अस्तरावर पांढरे थर होते, ताक घुसळल्यावर रवीला लोणी चिकटून राहतं तसे. पाण्याच्या धारेनंही ते सुटत नव्हते. खरवडले की खालचं अस्तर लाल दिसायचं. तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं कॅन्डिडा, म्हणजे एक बुरशी.

हा शब्द घरी सांगितल्यावर माय रडायला लागली. बुरशी म्हटल्यावर तिला २०२१ चा उन्हाळा आठवला. करोनातून उठलेल्या माणसांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि भरपूर स्टिरॉइड घ्यावं लागलेल्यांना काळी बुरशी झाली होती, महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले, माणसं गेली. ती बुरशी वेगळी. ती रक्तवाहिन्यांत शिरून मांस मारत जाते. कॅन्डिडा आपल्यातल्या पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात आयुष्यभर बिनतक्रार राहते. तोंडातले इतर जंतू, लाळ आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला वाढू देत नाहीत. बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसतो तो बऱ्याचदा तिचाच. १८३९ साली लँगेनबेक नावाच्या जर्मन शल्यविशारदानं विषमज्वराच्या एका रुग्णात तिची नोंद केली, म्हणजे वैद्यकाला तिची ओळख फार जुनी आहे.

डॉक्टरांनी पुढं जे समजावलं ते मी तसंच मांडतो. पंपातलं स्टिरॉइड श्वासनळीत जायला हवं, पण त्यातला मोठा भाग तोंडात आणि घशात बसतो, लाळेबरोबर अन्ननलिकेत उतरतो आणि तिथली प्रतिकारशक्ती जागच्या जागी कमी करतो. अँटिबायोटिकनं बुरशीला दाबून ठेवणारे तोंडातले जंतू मारले. रोजच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलनं पोटातलं आम्ल कमी झालं, त्यामुळंही तिला वाव मिळण्याची शक्यता वाढते. माझी साखर बरोबर होती, रक्त बरोबर होतं, मी दारू पीत नाही. शरीरात मुळात काही खोट नव्हती, तरीही संसर्ग झाला. तोंड उघडून बघितलं तर जिभेवर एक पांढरा ठिपकाही नव्हता. तोंड स्वच्छ असलं म्हणजे खालची नळी स्वच्छ असेल असं धरून चालता येत नाही.

आणखी एक तपासणी झाली, एचआयव्हीची. तिच्याविषयी उघड लिहायचं मी ठरवलं आहे, कारण त्या एका तपासणीच्या भीतीनं लोक लातूरला जायचं टाळतात. अन्ननलिकेतली ही बुरशी आणि एड्स यांचं नातं जुनं आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत ज्या पाच तरुणांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध झाली आणि जगाला या रोगाची पहिली चाहूल लागली, त्या पाचही जणांना तोंडात किंवा अन्ननलिकेत कॅन्डिडा होती. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या माणसात ही बुरशी सापडली की डॉक्टरांनी एचआयव्ही आणि साखर दोन्ही बघायलाच हवी. मला विचारून, माझी संमती घेऊन ती तपासणी झाली. २०१७ च्या कायद्यानं तसं करणं बंधनकारक आहे, आणि निकाल गुप्त ठेवणंही. सरकारी तपासणी केंद्रात ती फुकट होते. माझा निकाल निगेटिव्ह आला. पण तो येण्याआधीच गावात कुजबुज पोचली होती आणि माझ्या बायकोला पाणवठ्यावर दोघींनी आडून विचारलं. निकाल पॉझिटिव्ह असता तरी त्या विचारण्याला काही आधार नव्हता. औषधं वेळेवर सुरू केलेला एचआयव्हीचा माणूस आज दीर्घ आयुष्य जगतो. आजार कळला की त्याला आणि घरच्यांना फायदाच होतो. तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका आणि तपासणी करून आलेल्या माणसाकडं संशयानं बघू नका, हे मी शाळेत पालकांच्या बैठकीतही सांगितलं.

मला चौदा दिवस फ्लुकोनॅझोल दिलं. पाचव्या दिवशी मी वरणात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि कळ आली नाही.

डॉक्टरांनी दुसरा एक आजार सांगितला, तो तरुणांच्या आईबापांनी लक्षात ठेवावा. तापातून उठलेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका उठतो, तो ज्या हर्पिस विषाणूमुळं, तोच क्वचित अन्ननलिकेत जखमा करतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या माणसांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोकांच्या शरीरात हा विषाणू असतो. प्रकृती ठणठणीत असलेल्या तरुण मुलाला, मुलींपेक्षा मुलांना जास्त, दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते आणि मग अचानक थुंकी गिळणंही नकोसं होतं. बऱ्याच जणांच्या ओठावर एक फोडही नसतो, त्यामुळं कुणाला शंका येत नाही. दुर्बिणीतून छोटे छोटे खोलगट व्रण दिसतात. हर्पिसचा विषाणू व्रणाच्या कडेला सापडतो, त्याच घराण्यातला सायटोमेगॅलो विषाणू व्रणाच्या तळाशी, म्हणून तुकडा कुठून घ्यायचा हे बघणाऱ्याला माहीत असावं लागतं. प्रतिकारशक्ती शाबूत असली तर एक-दोन आठवड्यांत तो बहुधा आपोआपही बरा होतो, ॲसायक्लोव्हिर दिलं तर लवकर. या ॲसायक्लोव्हिरच्या शोधामागं गर्ट्रूड एलिअन या संशोधक बाईंचं काम आहे. १९८८ चं नोबेल त्यांना जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर मिळालं. ब्लॅक यांच्या कामातून पोटातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडिन आलं होतं. एका व्यासपीठावर गौरवलेल्या या दोन औषधांपैकी आमच्या तालुक्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधांचे भाऊबंद कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. माझ्यासारखे कितीतरी जण ते महिनोन् महिने खातात.

बुरशीवरच्या औषधांत महाराष्ट्राचाही वाटा आहे, तो इथं सांगितलाच पाहिजे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढलं. त्या जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढं याच कॅन्डिडावर, तोंडातल्या पांढऱ्या थरावर, ते वापरलं गेलं. ज्या राज्याच्या मातीतून या बुरशीवरचं औषध निघालं, त्या राज्यातल्या शिक्षकाला पंप घेतल्यावर चूळ भरायची हे त्रेचाळिसाव्या वर्षी अन्ननलिका सोलून निघाल्यावर कळावं, हे मला मान्य नाही.

पंपाला दोष देऊ नका, हे मी आवर्जून सांगतो. पंपाची सवय लागते म्हणून आमच्याकडं लोक तो टाळतात, दम लागला की इंजेक्शन घेतात, गोळ्यांतून त्याहून कितीतरी जास्त स्टिरॉइड पोटात घालतात. दमा अंगावर काढला तर माणूस मरतो. मी माझा पंप एक दिवसही बंद केला नाही. बदललं ते एवढंच की ओढून झाल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरतो, गुळणी करतो आणि पाणी थुंकतो, गिळत नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर मध्ये स्पेसरचं नळकांडं लावलं की तोंडात बसणारं औषध आणखी कमी होतं. ॲसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून बंद केली.

माझी मागणी औषध लिहिणाऱ्यांकडं आणि विकणाऱ्यांकडं आहे. पंप हातात देताना चूळ भरायचं सांगायला दहा सेकंद लागतात. खोक्यातल्या बारीक इंग्रजी अक्षरांच्या कागदावर ते लिहिलेलं असेल, पण आमच्या गावात तो कागद कोण वाचतो? दुकानदारानं खोक्यावर मराठीत एक चिठ्ठी चिकटवावी: ओढल्यावर चूळ भरा, पाणी थुंका. ग्रामीण रुग्णालयात पंप देणाऱ्या खिडकीवर हेच वाक्य आणि एक चित्र लावावं. आशाताईंच्या घरभेटीत दम्याच्या माणसाला एवढाच प्रश्न विचारावा. आणि उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून निदान एक दिवस दुर्बिणीची तपासणी हमखास मिळावी. देवणीच्या माणसाला लातूर गाठायला मजुरीचा दिवस मोडावा लागतो, सोबत एक माणूस न्यावा लागतो. म्हणून मग पित्ताची गोळी सोपी वाटते.

हे वाचून कुणी फ्लुकोनॅझोल दुकानातून आणून खाऊ नये. नायट्यासाठी लोक ती गोळी आधीच मनानं खातात, अर्धवट सोडतात आणि बुरशी औषधाला जुमानेनाशी होते. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही. आधी तपासा. आणि थुंकीही गिळता येत नसेल, उलटीत रक्त असेल, वजन उतरत असेल तर एक दिवसही थांबू नका.

या वर्षीच्या येळवसेला मी त्याच कोपीपुढं बसून चार उंडे खाल्ले आणि आंबिलचे दोन तांबे प्यालो. माय शेवटपर्यंत ताटाकडं बघत होती. तुमच्या घरात कुणी पंप घेत असेल तर आज रात्री त्यानं पंप ओढला की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्या, आणि जेवताना दुखतं का हे विचारा.